पिलाटीज : पहिला धडा पाठीवर पडून

दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर, त्यात लोकल किंवा बसचा प्रवास आणि सायंकाळी कंबर धरून घरी परतणे, हा महानगरांतील अनेक नोकरदारांचा नित्यक्रम झाला आहे. अशा मंडळींना 'पिलाटीज सुरू करा' असा सल्ला हल्ली हमखास मिळतो. मुंबई-पुण्यात त्याचे वर्गही निघाले आहेत. मात्र या नावाभोवती चित्रतारकांच्या सुडौल बांध्याचे वलय इतके दाट आहे की, हा व्यायाम नेमका काय आणि ज्याने आजवर साधे सूर्यनमस्कारही घातलेले नाहीत त्याने तो कसा आरंभावा, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

पिलाटीज हे मुळात एका माणसाचे आडनाव. जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील मोन्शेनग्लाडबाख येथे झाला. बालपणी दमा आणि मुडदूस यांनी जर्जर झालेला हा मुलगा प्रकृती सुधारण्यासाठी व्यायामाकडे वळला. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. त्या छावणीत त्यांनी सोबत्यांना व्यायाम शिकवला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटांना स्प्रिंगा बांधल्या, असेही सांगितले जाते. पुढे १९२०च्या दशकात ते न्यूयॉर्कला गेले. मार्था ग्रॅहम आणि जॉर्ज बॅलन्शिन यांच्यासारखे नृत्यक्षेत्रातील दिग्गज त्यांच्या व्यायामशाळेशी जोडले गेले. स्वतः जोसेफ मात्र आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी', म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत.

हे जुने नाव नवशिक्याने विसरू नये. घाम किती गाळला यापेक्षा हालचाल किती ताब्यात होती, याला येथे महत्त्व आहे. बहुतेक प्रकार दहापेक्षा अधिक वेळा करायचेच नसतात.

मग ही योगासनेच नव्हेत काय? साम्य आहे. पिलाटीजमधील कंबर उचलण्याचा प्रकार सेतुबंधासनाचा सख्खा भाऊ शोभावा. परंतु आसनात स्थिरता साधायची असते, तर येथे हालचाल अखंड चालू राहते. श्वासाची रीतही निराळी. नाकाने घेतलेला श्वास पोट न फुगवता बरगड्यांच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीकडे भरायचा आणि तोंडाने सावकाश सोडायचा. सोडताना पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हलकेच आवळले जातात. कण्याला आधार देणारा हा आतला पट्टा जागा करणे, हाच साऱ्या खटाटोपाचा गाभा होय.

म्हणून पहिला धडा पाठीवर पडूनच गिरवावा. गुडघे दुमडून पावले जमिनीला टेकवावीत. ओटीपोटावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आहे आणि ती ना छातीकडे कलंडते, ना पायांकडे, अशी कल्पना करावी. ही झाली कमरेची मध्यस्थ स्थिती. दोन्ही तळहात बरगड्यांवर ठेवून याच स्थितीत आठ-दहा श्वास घ्यावेत. नंतर श्वास सोडत कंबर जमिनीवरून उचलावी, ती एकदम नव्हे, तर माळेतला एकेक मणी उचलावा तसा कण्याचा एकेक मणका सुटा करीत. आणि तशीच खाली आणावी. दिसायला हे पोरखेळासारखे वाटते. खाली येताना कंबरेचा मधला भाग फळीसारखा एकदम आदळतो, तेव्हा ताठरपणा कोठे आहे ते कळते.

नवशिके फसतात ते 'हंड्रेड' या प्रकारात. जोसेफ यांच्या १९४५ सालच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत आणि त्यात हा पहिला. डोके व पाय उचलून धरायचे आणि पाच ठोक्यांचा श्वास, पाच ठोक्यांचा उच्छ्वास या लयीत हात शंभर वेळा खाली-वर करायचे. पुस्तकात पहिला असला तरी पहिल्या दिवशी करण्याचा हा प्रकार नव्हे. पोटाचे बळ अपुरे पडले की सारा भार मानेवर येतो. आरंभी डोके खालीच ठेवावे, गुडघे दुमडलेले असावेत आणि वीस-तीस ठोक्यांवर थांबावे.

साधने दोन प्रकारची. साध्या बैठकीवरील व्यायामाला जाड मॅट हवी. त्यात पाठीच्या मणक्यांवर लोळायचे असल्याने योगासनांची पातळ मॅट टोचते. घरी सतरंजीची दुहेरी-तिहेरी घडी चालते. दुसरे साधन 'रिफॉर्मर', म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली सरकती फळी. त्याचे वर्ग बरेच महाग पडतात. स्प्रिंग हलकी म्हणजे व्यायाम सोपा, हा समज मात्र खरा नाही. आधार कमी झाल्याने कित्येकदा तोल सांभाळणे अधिक कठीण जाते.

खरी पारख करावी लागते ती शिक्षकाची. 'पिलाटीज' हे कुणा एकाचे व्यापारचिन्ह नसून व्यायामाचे सर्वसामान्य नाव आहे, असा निकाल अमेरिकेतील न्यायालयाने २००० मध्ये दिला. त्यामुळे निदान केवळ पाटीवरून शिक्षणाची खात्री पटत नाही. शिक्षण कोठे आणि किती तासांचे झाले, एका वर्गात किती जण असतात, हे विचारण्यात संकोच कसला? पाठीची तक्रार आधी न विचारता व्यायाम सुरू करून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा न गेलेलेच बरे.

कंबरदुखीवर याचा उपयोग होतो का? कोक्रेन या संस्थेच्या २०१५ मधील आढाव्यानुसार, जवळपास काहीच उपचार न करण्यापेक्षा पिलाटीजने वेदना कमी होतात. पण इतर व्यायामांहून ते सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. वजन उतरवण्यासाठी त्यावर विसंबू नये. चालण्याची जागाही ते घेत नाही. ऑस्टिओपोरोसिसमुळे हाडे ठिसूळ झालेल्यांनी कणा पुढे वाकवून लोळण्याचे प्रकार टाळावेत. गर्भवती स्त्रिया आणि मणक्यातील गादी सरकलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच वर्गात पाऊल ठेवावे.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, वीस मिनिटे, एवढे आरंभी पुरे. दुसऱ्या दिवशी पोट दुखरे वाटले तर चिंता नको. मान आखडली तर डोके उचलण्याचे प्रकार आठवडाभर बंद ठेवावेत. पण कळ पायात उतरू लागली किंवा मुंग्या आल्या, तर व्यायाम तेथेच थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.