उपाशी कोण राहतो? मुलांना सांगावयाचा एक धडा

गेल्या सुगीनंतर गांवच्या शाळेंत मुलांशीं दोन शब्द बोलण्याचा योग आम्हांस आला. "जगांत माणसें उपाशी कां राहतात?" असा प्रश्न आम्हीं केला. एका बागायतदाराच्या मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "काम करीत नाहींत म्हणून." मागल्या बांकावर आमच्याच शेतांत खुरपणीस येणाऱ्या बाईची मुलगी बसली होती. तिनें मान खालीं घातली. वाचकहो, तें उत्तर त्या मुलानें कोठून उचललें, हें सांगावयास नको. आपल्याच ओट्यांवर तें रोज ऐकूं येतें.

महसूल खात्यांत आमची हयात आंकडे लिहिण्यांत गेली. म्हणून फळ्यावर हिशेबच मांडला. सन २०२४ मध्यें जगांत २८० कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकलें. माणसें सुमारें ८०० कोटी. म्हणजे माणशीं रोज ९०० ग्रॅमांहून अधिक आलें! तरी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या अहवालाप्रमाणें त्याच सालीं सुमारें ६७ कोटी लोक, म्हणजे बारांत एक, भुकेले होते. धान्याचा तृतीयांशाहून अधिक भाग जनावरांच्या खाद्यास जातो, कांहीं इंधन करण्यास लागतो, कांहीं नासतो. परंतु मुख्य कारण निराळें. ज्याच्या गांठीं दाम, त्याच्याच घरीं दाणा जातो.

मुलांना सन १९४३ चा बंगालचा दुष्काळ अवश्य सांगावा. त्यांत अदमासें ३० लक्ष माणसें मेलीं. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या वर्षीं बंगालांत उपलब्ध असलेलें धान्य १९४१ पेक्षां कमी नव्हतें. युद्धकाळांत तांदुळाचा भाव भडकला. मजुरी मात्र त्या मानानें वाढली नाहीं. मेले त्यांत शेतमजूर व मासे धरणारे पुष्कळ होते. ते आळशी नव्हते.

उलट १९७२ सालीं महाराष्ट्रांत पीक खरोखरच बुडालें. परंतु सरकारी कामें निघालीं, लाखो हातांना रोजंदारी मिळाली आणि बंगालसारखा अनर्थ टळला. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. त्या वेळीं आम्ही लहान होतों. वाटपाच्या सुकडीची चव अद्याप आठवते.

शेतकरी बंधूंनीं दोन गोष्टी कराव्या. शाळेंतील खिचडी गरिबांची म्हणून आपल्या मुलांना पंक्तींतून उठवूं नये. आणि माल बाजारीं जाण्यापूर्वीं मजुरी चुकती करावी. तीही मुलांच्या हातून.

हें लिहितांना एक कबुली देणें प्राप्त आहे. त्या मुलीच्या आईची आठ दिवसांची मजुरी त्या दिवशीं आमच्याकडेच थकली होती. सायंकाळीं नातवाला बरोबर घेऊन आम्ही तिच्या दारीं गेलों आणि त्याच्या हातून ती चुकती केली. "आजोबा, इतके दिवस कां दिली नाहीं?" असें त्यानें वाटेंत विचारलें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.