थंडीच्या रात्री दारातला राखणदार

दिवाळी सरली की आपल्या अंबरनाथ-बदलापूर भागात पहाटेचा गारवा अंगाला झोंबू लागतो. मुंबई शहराला समुद्राची ऊब असते. आपण मात्र समुद्रापासून बरेच आत, मलंगगड आणि माथेरानच्या डोंगरांजवळ राहतो. आभाळ निरभ्र असले की दिवसभर तापलेली जमीन रात्रीत निवते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा मुंबईपेक्षा कितीतरी खाली उतरतो. पहिल्या पाळीला जाणारा कामगार कानटोपी घालून, मफलर गुंडाळून घराबाहेर पडतो. त्याच वेळी चहाच्या टपरीपुढच्या राखेत, नाक शेपटीत खुपसून, एखादे कुत्रे वेटोळे करून पडलेले असते. रात्रभर आपल्या चाळीची राखण त्यानेच केलेली असते.

कुत्र्याला केस असतात, त्याला कसली थंडी, असे आपण सहज म्हणतो. धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत ते बरेचसे खरेही आहे. त्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा थोडे जास्त, ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि पोटात अन्न असेल तर आपल्याकडची थंडी तो काढतो. पण म्हातारे, उपाशी, लूत लागून केस गेलेले कुत्रे थंडीत हैराण होते. सर्वांत मोठा धोका असतो तो नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्या पावसाळ्याच्या अखेरीस गाभण राहतात आणि साधारण ६३ दिवसांनी वितात. म्हणजे पिल्ले जन्मतात ती नेमकी थंडीच्या तोंडावर. पहिले दोन आठवडे त्यांचे डोळे मिटलेले असतात आणि स्वतःचे अंग गरम ठेवण्याची ताकद त्यांच्यात नसते. आईच्या पोटाशी असेपर्यंत ती सुरक्षित. आई अन्न शोधायला गेली आणि खाली ओली फरशी असली की पिल्लू गारठते. गारठलेल्या पिल्लाला दूध ओढता येत नाही आणि ओढले तरी पचत नाही.

गोणपाट टाकले, तरी पिल्ले गेली

आमच्या चाळीमागे एक कुत्री जिन्याखाली व्याली. पाच पिल्ले होती. शेजारच्या आजींनी मायेने कोब्यावर गोणपाट अंथरले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पिल्ले गेलेली होती. गोणपाटाला हात लावला तर ते ओलेचिंब. मोरीचे पाणी खालून झिरपत होते. चूक मायेत नव्हती, माहितीत होती. थंडी वरून जितकी येते, त्याहून जास्त खालून येते. मग चार विटा मांडून त्यावर जुनी फळी ठेवली, फळीवर भाताचा कोरडा पेंढा पसरला आणि वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा तुकडा उभा केला. उरलेली तिन्ही पिल्ले वाचली. खर्च एका पैशाचाही झाला नाही.

निवारा कसा करावा?

लाकडी खोके किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका चालतो. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा, म्हणजे दवाने तो भिजणार नाही. खोका विटांवर किंवा फळीवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा. तोंड वाऱ्याकडे नसावे आणि ते कुत्री आत शिरेल इतकेच असावे. खोका फार मोठाही नको, कारण लहान जागा अंगाच्या उबेनेच गरम होते.

आत पेंढा घालावा. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा धरून राहते आणि ऊब टिकते. आसपासच्या गावांत भात झोडून झाले की मूठ-दोन मूठ पेंढा सहज मिळतो. तो नसेल तर गोणपाट किंवा जुनी गोधडी घालावी, पण ती रोज हात लावून पाहावी. ओली झाली की उन्हात टाकावी. ओले अंथरूण नसल्याहून वाईट.

आपल्या भागात एक खबरदारी फार महत्त्वाची आहे. भंगारवाल्याकडे कारखान्यांतली निळी पिंपे स्वस्तात मिळतात. ती आडवी कापून निवारा करण्याचा मोह होतो. पण त्या पिंपात आधी कोणते रसायन होते हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून अशी पिंपे वापरू नयेत.

शेकोटीत टायर, प्लॅस्टिक जाळू नये. तो धूर आपल्या मुलांनाही घातक आणि कुत्र्यांनाही. शेकोटी विझल्यावर राखेवर पाणी मारावे, कारण उबेला आलेली पिल्ले निखाऱ्यांवर भाजतात. रिक्षावाल्या बंधूंनी सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी खाली वाकून एक नजर टाकावी.

थंडीत अंग गरम ठेवायला अन्न जास्त लागते. उरलेला भात, भाकरी, अंडे किंवा मटणाचे उरलेसुरले तुकडे विणीच्या कुत्रीला द्यावेत. तिखट आणि कांदा नको. पिल्लांना गाईचे दूध पाजू नये, त्याने जुलाब होतात. त्यांच्या आईला खाऊ घातले की पिल्लांना मिळते. कुत्रे लंगडत असेल तर माणसांची दुखण्यावरची गोळी कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होते. जनावरांच्या डॉक्टरांनाच विचारावे.

मुलांची काळजी आधी

शेजारी तक्रार करतात तीही रास्त असते. व्यालेली कुत्री पिल्लांसाठी चावते. म्हणून निवारा जिन्यात, दारात, नळाच्या वाटेवर किंवा मुले खेळतात तिथे करू नये. मुलांना पिल्ले उचलू देऊ नये. कुत्रे चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मिरची लावत बसू नये. पिल्लाचा दात लागला तरी हेच करावे. रेबीज एकदा उलटला की इलाज नाही.

कायमचा उपाय नसबंदीचा आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची, म्हणजे आपल्याकडे नगरपरिषदेची, जबाबदारी आहे. पिल्ले दूध सोडून खाऊ लागली की चाळीतल्या दहा-वीस जणांनी सह्या करून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते, ती पाहावी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. तेव्हा अशा ठिकाणी निवारा मांडूच नये.

आपल्यालाच छप्पर धड नाही, तिथे कुत्र्याचे काय?

हा प्रश्न आपल्या वस्तीत कुणीही विचारील, आणि तो खोटा नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत आणि आपल्या माणसांना बंदी होती. १९२७ साली बाबासाहेबांनी ती बंदी मोडली. पण तो अन्याय जनावरांनी केला नव्हता, माणसांनी केला होता. त्याच बाबासाहेबांचे १९३४ सालचे राजगृहातले कुटुंबाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, आणि बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. तो घरच्या माणसांतच आहे.

१९७६ साली राज्यघटनेत जोडलेल्या ५१-अ कलमात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हटले आहे. ते पाळायला पैसा लागत नाही. चार विटा, एक फळी, ओंजळभर पेंढा आणि रात्री झोपण्यापूर्वी अंथरूण कोरडे आहे ना, एवढे पाहणारा हात. आज रात्री बाहेर जाऊन तेवढे पाहा.