पिंपरीचं पेनिसिलिन

पिंपरीत माझं औषधाचं दुकान आहे. अमोक्सिसिलिनची स्ट्रिप हातात पडली की गिऱ्हाईक किंमत बघतं, फार तर एक्स्पायरी. पत्ता बद्दीचा नाहीतर सिक्कीमचा, म्हणजे माल आपलाच. पण आतली पावडर ज्या पेनिसिलिन-जीपासून बनते, ते कित्येक वर्षं बहुतेक चीनमधूनच येत आलंय.

आणि देशात पेनिसिलिन बनवणारा पहिला सरकारी कारखाना कुठे? इथेच! हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आमच्या तोंडी नुसतं ‘एचए’. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तो उभा राहिला. पुढे 1970 चा पेटंट कायदा आला. पेटंट औषधाला नाही, ते बनवण्याच्या पद्धतीला. पद्धत बदला आणि तेच औषध बनवा. त्या जोरावर आपल्या कंपन्या एवढ्या वाढल्या, की 2001 मध्ये सिप्लाने एड्सची तीन औषधं मिळून वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजारांवर होता.

नव्वदीत आयात खुली झाली. पेनिसिलिन आंबवून करायचं म्हणजे मोठाल्या टाक्या आणि अखंड वीज. चिनी भावापुढे इथले कारखाने एकेक करून थंडावले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी 2005 पासून औषधालाच पेटंट देणं भाग पडलं. नव्या औषधाची किल्ली पश्चिमेकडे, जुन्याची चीनकडे.

घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी 1965 च्या पुस्तकात नववसाहतवाद मांडला तो असा: झेंडा तुमचा, अर्थकारणाची दोरी बाहेरच्या हातात. पण आमच्या धंद्यात बंदूक घेऊन कोणी आलं नव्हतं. स्वस्त पावडर कंपन्यांनी हौसेने मागवली, सरकारी टेंडरंही सर्वांत कमी भावाला सुटली.

मार्च 2020 मध्ये चीनमधला पुरवठा अडखळला, तेव्हा आपण पॅरासिटामॉलसह 26 औषधं आणि कच्च्या मालांच्या निर्यातीवर बंधनं घातली. आपल्या गोळ्यांवर विसंबलेल्या देशांना त्या दिवसांत दिल्ली कशी दिसली असेल?

2024 मध्ये सरकारी प्रोत्साहन योजनेतून आंध्रात काकिनाड्याजवळ पेनिसिलिन-जी पुन्हा बनू लागलं. ते चिनी मालापेक्षा महाग पडलं, तर गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या घेतील का? माझ्या काउंटरवर तरी दोन रुपये वाढले की गिऱ्हाईक ‘दुसऱ्या कंपनीचं दाखवा’ म्हणतं.