किलिमांजारोला आठ दिवस द्या

समुद्रसपाटीपासून 5,895 मीटर उंचीच्या किलिमांजारोच्या माथ्यावर जायला दोर लागत नाही, बर्फाची कुऱ्हाड लागत नाही, गिर्यारोहणाचा कोर्सही लागत नाही. आफ्रिका खंडातलं हे सर्वोच्च शिखर चालत गाठता येतं. म्हणूनच पुण्या-मुंबईचे ट्रेकर टांझानियाची वाट धरतात आणि माथ्यावर तिरंगा हातात घेऊन फोटो काढतात. मात्र ‘चालत जाता येतं’ याचा अर्थ ‘सहज जाता येतं’ असा घेतला की घात होतो.

मराठी ट्रेकरची तयारी सह्याद्रीत होते. कळसूबाई 1,646 मीटर. किलिमांजारोच्या मारंगू गेटवर नोंदणी होऊन चालायला सुरुवात होते, ती जागाच 1,850 मीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक जिथे संपतं, त्याच्याही वर या डोंगराची पहिली पायरी आहे. अलंग-मदन-कुलंग केलेल्या माणसाचे पाय तयार असतात, दमही असतो, पण विरळ हवेची सवय सह्याद्री लावू शकत नाही. किलिमांजारोच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर त्यातून मार्ग काढतं. श्वासाची गती वाढते, मूत्रपिंडं रक्ताचा तोल नव्याने सांभाळतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. या सगळ्याला दिवस लागतात आणि कितीही व्यायाम केला तरी ते कमी होत नाहीत.

मार्टिना नवरातिलोवा हे याचं ठळक उदाहरण. विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद नऊ वेळा मिळवणारी ही खेळाडू डिसेंबर 2010मध्ये, वयाच्या 54व्या वर्षी किलिमांजारोवर गेली. साधारण साडेचार हजार मीटरवर तिच्या फुप्फुसात पाणी झालं. तिला खाली आणून नैरोबीच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि त्यातून ती बरी झाली. उलट 2019मध्ये अ‍ॅन लॉरिमर ही अमेरिकन महिला 89व्या वर्षी माथ्यावर पोचली. वय आणि ताकद यांवरून डोंगरावर कोणाचं काय होईल, हे आधी सांगता येत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : डोंगरावर रात्री किती?

उंचीच्या आजारांवरचे डॉक्टर सांगतात, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. मारंगू वाटेवरचा पाच दिवसांचा स्वस्त कार्यक्रम या हिशेबात बसवून पाहा. पहिला मुक्काम मंडारा, सुमारे 2,700 मीटर. दुसरा होरोंबो, 3,700. तिसरा किबो, 4,700. दर रात्री हजार मीटरची उडी, आणि त्याच मध्यरात्री माथ्याकडे कूच! या वाटेवर झोपायला लाकडी खोल्या आणि पलंग आहेत, त्यामुळे ती सोपी वाटते. प्रत्यक्षात शरीराला ती फार कमी वेळ देते.

याउलट माचामे किंवा लेमोशो वाट. तंबूत झोपावं लागतं, चढउतारही जास्त. पण त्या चढउतारांतच फायदा आहे. या वाटांवर एक दिवस लाव्हा टॉवर या काळ्या सुळक्यापाशी सुमारे 4,600 मीटरवर जेवायला नेतात आणि झोपायला पुन्हा 3,950 मीटरवरच्या बरांको तळावर उतरवतात. दुपारी डोकं ठणकत असतं, संध्याकाळी बरांकोत उतरल्यावर बहुतेकांचं थांबतं. वर चढा, खाली झोपा, हे सूत्र इथे अंगावर अनुभवता येतं. माचामेच्या सहा दिवसांच्या कार्यक्रमात करांगा तळावरची रात्र वगळतात, सात दिवसांच्या कार्यक्रमात ती असते. ती एक रात्र भारी जॅकेटपेक्षा मोलाची आहे.

माथ्यावर पोचल्याची नोंद असलेले पहिले लोक हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर. तारीख 6 ऑक्टोबर 1889. मेयरचा आधीचा प्रयत्न फसला होता. या वेळी त्याने वाटेत ठिकठिकाणी तळ आणि शिधा ठेवला, त्यामुळे एक चढाई हुकली तरी पायथ्याशी न उतरता पुन्हा प्रयत्न करता आला. त्यालाही यश दिलं ते डोंगरावर जास्त दिवस टिकण्याच्या सोयीने.

वाटाडे दिवसभर स्वाहिलीत ‘पोले पोले’ म्हणत असतात. हळू, सावकाश. गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालायचं. आपल्याकडे सगळ्यांच्या आधी माथा गाठणाऱ्याचं कौतुक होतं. ती सवय इथे गेटवरच सोडावी. डोकेदुखी, मळमळ, भूक मेल्यासारखी होणं ही पहिली लक्षणं. ती लपवू नयेत. त्याच उंचीवर थांबून आराम वाटला तर ठीक. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुटला, सरळ रेषेत टाच-अंगठा जुळवत चालता येईना, तर रात्र असो वा पाऊस, लगेच खाली उतरायचं. उंचीचा त्रास टाळायला डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं. गोळी घेतली म्हणून एक दिवस कमी करावा, हा हिशेब धोक्याचा.

माचामे आणि लेमोशो वाटांवर शेवटची चढाई बराफू तळावरून मध्यरात्री सुरू होते. बाराशे मीटरांची चढण, सहा-आठ तास, उणे दहा किंवा त्याहूनही कमी तापमान. पाण्याची नळी गोठते, म्हणून बाटली लोकरी मोज्यात घालून पिशवीत उलटी ठेवतात. बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. बॅटरीचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाशी. पहाटे स्टेला पॉइंटवर ज्वालामुखीच्या मुखाची कड लागते, तिथून माथा, म्हणजे उहुरू शिखर, आणखी तासाभरावर. त्याच दिवशी मवेका तळापर्यंत जवळजवळ 2,800 मीटर उतरायचं असतं आणि गुडघ्यांची खरी परीक्षा तेव्हा होते. कळसूबाई किंवा सिंहगडावर तयारी करताना उतरण्याचाही सराव हवा, तोही पाठीवर ओझं घेऊन, त्याच बुटांत.

खाण्याचंही आधीच ठरवावं. तळावर गरम सूप, लापशी, भात, दुपारच्या चहाबरोबर पॉपकॉर्न मिळतात, पण चार हजार मीटरवर ताटाकडे बघवत नाही. तेव्हा राजगिऱ्याची वडी, चिक्की, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घशाखाली उतरतं. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी.

सुट्ट्यांचं गणित मात्र आपल्या बाजूने नाही. मार्चअखेर ते मे हा तिथला मोठा पावसाळा आणि नोव्हेंबरमध्ये छोटा. म्हणजे उन्हाळी सुट्टीही भिजते आणि दिवाळीची सुट्टीही बहुधा. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर हा काळ चांगला, तेव्हा रजेचा अर्ज त्या हिशेबाने करावा.

वाटाड्याशिवाय इथे चढता येत नाही, आणि ओझेवाल्यांशिवाय कोणी चढतही नाही. तंबू, शिधा, भांडी, आपली मोठी बॅग हे सगळं त्यांच्या डोक्यावर किंवा खांद्यावर असतं. एकाने वीस किलोंपेक्षा जास्त उचलू नये असा नियम असून गेटवर वजन होतं. तरी भाव पाडून ट्रेक विकणारे पहिली काटकसर करतात ती यांच्याच मजुरीत, जेवणात आणि कपड्यांत. ओझेवाल्यांच्या हक्कांसाठी तिथे ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था काम करते. आपली कंपनी तिच्याशी जोडलेली आहे का, हे विचारावं. नसेल तर दुसरी शोधावी. बक्षिसीचे पैसे वेगळे बाजूला ठेवावेत आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, प्रत्येकाचा वाटा मोठ्याने सांगून द्यावेत. पैसे कमी पडत असतील तर बूट, जॅकेट पायथ्याच्या मोशी शहरात भाड्याने घ्या. कॅमेरा घरी ठेवा. पण दिवस सातच्या खाली आणू नका, आणि जमलं तर आठ करा.