‘व्हेरी’, ‘सो’, ‘सच’ आणि ‘टू’ : इंग्रजीतला ‘खूप’ एकच नाही

मराठीतील ‘खूप’ हा शब्द मोठा सोशिक आहे. खूप उंच शिखर, खूप पाऊस, खूप माणसे, खूप आवडले, खूप हळू चालला. पुढे विशेषण येवो, नाम येवो की क्रियापद, ‘खूप’ कोणाशीही जुळवून घेतो. ‘फार’चेही तसेच. इंग्रजीत मात्र हेच काम अनेक शब्दांनी वाटून घेतले आहे आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी बहुधा याच हद्दीवर अडखळते. शब्द पाठ असतात; कोणता कुठे बसवायचा, याचा उलगडा होत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरला, इंग्रजी नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केले. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच शहरातून निघाले. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे काही काळ नगर येथे डेप्युटी कलेक्टर होते. नंतरच्या अनेक पिढ्या ‘तर्खडकर भाषांतर पाठमाला’ गिरवत इंग्रजी शिकल्या. २००० सालापासून तर राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच आली. तरीही अर्ज लिहिताना, मुलाखत देताना किंवा परगावच्या व्यापाऱ्याशी पत्रव्यवहार करताना ‘व्हेरी’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल होतेच.

पुढचा शब्द पाहावा

या शब्दांची निवड किती जोर द्यायचा यावर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती पुढे कोणता शब्द येतो यावर असते. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर. त्याविषयी ‘द पीक इज व्हेरी हाय’ किंवा ‘द पीक इज सो हाय’ असे म्हणता येते, कारण दोन्ही वाक्यांत ‘हाय’ हे विशेषण एकटे उभे आहे. त्यापुढे ‘पीक’ हे नाम आले, की ‘सो’ सहसा मागे सरतो आणि ‘सच’ पुढे येतो : ‘इट इज सच अ हाय पीक.’ येथे ‘अ’ची जागाही लक्षात घ्यावी. ‘सच’च्या वाक्यात तो ‘सच’नंतर येतो, ‘व्हेरी’च्या वाक्यात मात्र ‘व्हेरी’च्या आधी : ‘अ व्हेरी हाय पीक.’ नाम अनेकवचनी किंवा न मोजता येणारे असेल, तर ‘अ’ गळून पडतो. म्हणून ‘सच हेवी रेन’.

उद्गारवाचक वाक्यांतही हीच वाटणी दिसते. ‘हाउ’ची जोडी ‘सो’शी, तर ‘व्हॉट’ची ‘सच’शी. रंधा धबधबा पाहून ‘हाउ ब्यूटिफुल!’ म्हणावे, पण नाम घ्यायचे असेल तर ‘व्हॉट अ ब्यूटिफुल वॉटरफॉल!’ मराठीत ‘किती सुंदर!’ आणि ‘किती सुंदर धबधबा!’ ही दोन्ही वाक्ये एकाच ‘किती’वर भागतात. त्यामुळे मराठी भाषकाच्या तोंडी ‘हाउ ब्यूटिफुल वॉटरफॉल’ अशी रचना सहज येते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. शिर्डीतील गर्दीविषयी ‘सो मेनी पीपल’ म्हणतात, भंडारदरा धरणाविषयी ‘सो मच वॉटर’. येथे शेवटी नाम असूनही ‘सो’ कायम राहतो, कारण त्याचा जोर नामावर नसून ‘मेनी’ किंवा ‘मच’ या परिमाण सांगणाऱ्या शब्दावर पडतो. ‘फ्यू’ आणि ‘लिटल’ यांनाही हेच लागू.

क्रियापदापुढे तर ‘व्हेरी’ला प्रवेशच नाही. ‘मला हे खूप आवडते’ या वाक्याचे शब्दशः रूप ‘आय व्हेरी लाइक इट’ असे होत नाही. ‘आय लाइक इट व्हेरी मच’ असे म्हणावे लागते; जोर वाक्याच्या शेवटी जातो.

अति तेथे माती

सर्वांत महागात पडणारी चूक ‘टू’ची. हा शब्द ‘व्हेरी’चा मोठा भाऊ नव्हे. ‘व्हेरी’ प्रमाण सांगतो; ‘टू’ मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. ‘अति तेथे माती’ या म्हणीतील ‘अति’ म्हणजे इंग्रजीतला ‘टू’.

याचा पुरावा विद्यार्थ्यांच्या वहीतच असतो. शालेय व्याकरणात ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहिण्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. ‘ही इज टू वीक टू क्लाइंब’ याचे ‘ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट क्लाइंब’ असे रूपांतर करायचे. गुण मिळतात, पण दुसऱ्या वाक्यात ‘नॉट’ कुठून आला, याचा विचार होत नाही. तो ‘टू’च्या पोटातच होता. ‘टू’मध्ये नकार दडलेला असतो, हे या एका प्रश्नातून शिकण्यासारखे आहे.

व्यवहारात या नकाराला किंमत असते. कांदा हे जिल्ह्यातील महत्त्वाचे नगदी पीक. बाहेरच्या खरेदीदाराने नमुना पाहून ‘व्हेरी स्मॉल’ असे कळवले, तर कांदा खूप लहान आहे, कदाचित भावावर बोलणी होतील. ‘टू स्मॉल’ असे कळवले, तर माल त्याच्या कामाचा नाही. रुग्णालयाच्या कागदावर ‘व्हेरी वीक’ म्हणजे रुग्ण फार अशक्त आहे. ‘टू वीक फॉर सर्जरी’ म्हणजे शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही. नातेवाइकांनी घ्यायचा निर्णय या एका शब्दाने बदलतो. मुलाखतीत ‘आय ॲम टू हॅपी’ म्हणणारा उमेदवार मनापासून आनंद व्यक्त करीत असतो. ऐकणाऱ्याला मात्र आनंद नको इतका झाला आहे, असे वाटू शकते. मित्रांच्या गप्पांत ‘टू गुड’ ही दाद चालून जाते. अर्जात आणि पत्रात तेथे ‘व्हेरी गुड’च हवे.

नामापुढे ‘टू’ एकटा येत नाही. तेथे ‘टू मच’ किंवा ‘टू मेनी’ लागते. ‘टू मच रेन’ म्हणजे पिकाला सोसणार नाही इतका पाऊस.

जोर पुढे की मागे?

काही विशेषणांना बाहेरून जोर लागत नाही. ‘एक्सलंट’, ‘परफेक्ट’, ‘एनॉर्मस’ यांच्यात तो मुरलेला असतो. म्हणून ‘व्हेरी एक्सलंट’ खटकते. मराठीत ‘खूप सर्वोत्तम’ खटकावे, तसेच. अशा ठिकाणी इंग्रजी ‘ॲब्सोल्यूटली’ वापरते. मराठीत ‘अगदी’ ते काम करतो.

मराठीची खासियत मात्र वेगळीच आहे. लालभडक, काळाकुट्ट, हिरवागार, पांढराशुभ्र, पिवळाधमक, थंडगार. या शब्दांत जोर विशेषणाच्या मागे येतो आणि प्रत्येकाचा जोडीदार ठरलेला असतो. ‘लालकुट्ट’ कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही अशा ठरलेल्या जोड्या आहेत, पण तेथे जोर आधी येतो : ‘पिच-डार्क’, ‘आइस-कोल्ड’, ‘ब्रँड-न्यू’. मराठीतल्या ‘कोऱ्या करकरीत’ वस्तूला इंग्रजीत ‘व्हेरी न्यू’पेक्षा ‘ब्रँड-न्यू’ हाच शब्द शोभतो.

या शब्दांचे आयुष्यही दोन्ही भाषांत सारखेच वळण घेते. ‘व्हेरी’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘खरा’. ती खूण अजून शिल्लक आहे. ‘द व्हेरी स्पॉट’ म्हणजे ‘खूप जागा’ नव्हे, तर ‘नेमकी तीच जागा’. ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ या शब्दांतील भीती कधीच ओसरली, आता ते नुसता जोर देतात. मराठीतल्या ‘भयंकर आवडले’मध्ये भय उरले नाही, तसेच.

म्हणूनच ‘खूप’ला इंग्रजी प्रतिशब्द कोणता, असे विचारून उत्तर मिळत नाही. पुढे विशेषण आहे, नाम आहे की क्रियापद, हा पहिला प्रश्न; आणि मनात नकार आहे की नाही, हा दुसरा. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय शाळेतच लागली, तर ‘टू’ काढण्याच्या त्या जुन्या प्रश्नाचे गुण परीक्षेनंतरही उपयोगी पडतील.