छायाचित्रांचा बॅकअप : ३-२-१ नियम

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून अनेक दुर्मीळ रिळे जळाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच काढून वेगळ्या ठेवल्या होत्या, ते वाचले. डिजिटल छायाचित्रांनाही हेच तत्त्व लागू पडते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असा : एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी १ घराबाहेर. उदा. रायपूरमधील विद्यार्थ्याने आजीचे जुने फोटो स्कॅन केले, तर पहिली प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा पेन ड्राइव्हवर घेऊन नागपूरच्या मावशीकडे ठेवावी. घरात चोरी झाली किंवा पाणी शिरले तरी तिसरी प्रत सुरक्षित राहते.

लक्षात ठेवा : सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक चालू असताना फोनमधून पुसलेला फोटो बहुधा क्लाउडवरूनही पुसला जातो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोचा दर्जा कमी होतो. त्याला मूळ प्रत समजू नये.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक प्रतीतील काही फोटो उघडून पाहावेत. जी प्रत उघडत नाही, ती प्रतच नव्हे.