बांडुंगचा मसुदा

१९५५च्या फेब्रुवारीत नेहरूंनी इंडोनेशियातल्या भारतीय राजदूतांना एक पत्र धाडलं. बांडुंगच्या आशिया-आफ्रिका परिषदेची तयारी चालू होती आणि पंतप्रधानांना घोर लागला होता न्हाणीघरांचा नि शौचकूपांचा. दिवाणखान्यावाचून पाहुण्यांचं अडत नाही, यांच्यावाचून अडतं, असं त्यांनी बजावलं होतं. यजमान इंडोनेशिया, पण परिषद फसली असती तर नाक आपलंही कापलं गेलं असतं.

फसण्याची वेळ खरोखर आली होती. ११ एप्रिलला एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय त्यात असतील, या हिशेबाने चाकाच्या कप्प्याजवळ टाइमबॉम्ब लपवलेला होता. चौ दुसऱ्या वाटेने, रंगूनमार्गे गेले. विमान नातुना बेटांजवळ पेटलं. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी ते जळत्या अवस्थेत समुद्रात उतरवलं. १९पैकी १६ जण दगावले. त्यांत जटारही होते. वाचलेल्या तिघांपैकी देखभाल अभियंते अनंत कर्णिक यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. बांडुंगची गोष्ट सांगताना ही नावं आपल्याकडेही क्वचितच निघतात.

१८ एप्रिलला डचांच्या जुन्या क्लबात, म्हणजे ‘गेडुंग मर्डेका’त, २९ देश जमले. सुदान अजून स्वतंत्र व्हायचा होता, त्याला झेंडाच नव्हता. पांढऱ्या कापडावर लाल अक्षरांत ‘सुदान’ लिहून वेळ निभावली गेली.

या परिषदेकडे आपण भाऊबंदांचा मेळा म्हणून पाहतो. प्रत्यक्षात कुरबुरींना तोटा नव्हता. सिलोनचे पंतप्रधान कोटेलावाला यांनी पूर्व युरोपातल्या सोव्हिएत वर्चस्वालाही वसाहतवादच म्हणा, असा आग्रह धरला. भाषण आधी मला का दाखवलं नाहीत, असं नेहरूंनी विचारलं. तुम्ही तुमची दाखवता का, असा टोला त्यांना मिळाला. लष्करी करारांवर तर उघड खडाजंगी झाली. पाकिस्तान, तुर्कस्तान, इराक अमेरिकेच्या गोटात शिरलेले. नेहरूंना अशी शेपूट धरून चालणं अपमानास्पद वाटे, आणि ते त्यांनी तोंडावर सांगितलं. शिष्टाई म्हणावी तर ही नव्हेच.

वाट निघाली ती अंतिम निवेदनाच्या मसुद्यात. त्यातल्या दहा तत्त्वांपैकी पाचव्यात, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार एकट्याने वा मिळून स्वसंरक्षण करण्याचा हक्क मान्य झाला, तो करारवाल्यांचा. सहाव्यात, असे करार बड्या राष्ट्रांच्या खास हितासाठी राबवू नयेत, असं आलं, ते नेहरूंचं. वसाहतवादाचा निषेध ‘त्याच्या सर्व रूपांत’ झाला. कोटेलावालांनी त्यात मॉस्को वाचावं, चौंनी वाचू नये! कुणी याला पळवाट म्हणेल. मला तीच परिषदेची खरी कमाई वाटते, कारण त्या ओळींखाली २९ देशांची संमती होती.

चौ मात्र तयारीने आले होते. मतभेद बाजूला ठेवून समान ते शोधू, हा त्यांचा सूर. तैवानच्या प्रश्नावर अमेरिकेशी बोलायची तयारी त्यांनी तिथेच जाहीर केली आणि ऑगस्टमध्ये जिनिव्हात दोन्ही देशांच्या राजदूतांची बोलणी सुरूही झाली. बांडुंगचा रोकडा लाभ चीनने नेला. पाहुण्यांची सोय पाहण्याचं श्रेय आपल्याकडे राहिलं.

बांडुंगचा हा सूर पुढे टिकला नाही. १९६२ साली भारत-चीन युद्ध झालं. दुसरी परिषद १९६५ साली अल्जिअर्सला ठरली होती. तिच्या तोंडावर, १९ जूनला, तिथे बेन बेल्लांची सत्ता उलथली. परिषद आधी नोव्हेंबरवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली.